पालखी खंय पावली?

आमच्या मातोश्री नव्वदीला टेकल्या तेव्हा त्यांचे चालणे सुटले. परंतु सोमवार सुटला नाही. श्रीमंगेश आमचे कुलदैवत. बेळगावात आमच्या तीन पिढ्या गेल्या, तरी वर्षातून एकदा चोर्ल्याचा घाट उतरून देवाच्या पायरीवर डोके ठेवायचे, हा घरचा नेम. पुढे तो घाट त्यांच्याने होईना. तेव्हा प्रियोळला राहणारा आमचा भाचा दर सोमवारी पालखीच्या वेळी मोबाइल हाती धरून दीपस्तंभापाशी उभा राहू लागला. तिकडे वाद्यांच्या गजरात पालखी देवळाभोवती फिरे, आणि इकडे टिळकवाडीतील आमच्या तिसऱ्या मजल्यावर मातोश्री उशीला टेकून हात जोडीत. चित्र जरासे अडखळले की त्या विचारीत, "पालखी खंय पावली रे?"

हे दर्शन ज्या तारेवरून घडे, तिच्याविषयी आम्हांला लिहावयाचे आहे; कारण त्या तारेच्या करारावर सही आमची होती.

आमच्या इमारतीत बावीस बिऱ्हाडे. सदनिकाधारकांच्या संघाचे चिटणीसपद तेव्हा आमच्याकडे होते. एक केबलवाले गृहस्थ आले. पाच वर्षे इंटरनेट त्यांचेच घ्यावयाचे, दुसऱ्या कोणाही कंपनीची तार इमारतीत येऊ द्यावयाची नाही. मोबदल्यात जिन्यात व वाहनतळावर कॅमेरे फुकट आणि गणेशोत्सवास भरघोस वर्गणी. गणपतीचे नाव निघाल्यावर विरोध कोण करणार? बैठक अर्ध्या तासात आटोपली. चहा मात्र उत्तम होता.

त्या व्यवस्थेची मेख आम्हांला पुढे कळली. काचतंतू येई तो फक्त गच्चीपर्यंत. तेथे विजेवर चालणारी एक पेटी, आणि पेटीतून घरोघर उतरलेल्या तांब्याच्या तारा. आमच्या घरात इन्व्हर्टर असून उपयोग काय? वीज गेली की गच्चीवरची पेटी मरे आणि बावीस घरे एकदम मुकी होत. शिवाय रात्री आठनंतर जो तो पडद्यापुढे बसे, आणि गच्चीपर्यंत आलेला तो एकच प्रवाह सर्वांत वाटला जाई. काचतंतू थेट घरात आणला तर वाटेत विजेची गरज नसते. प्रकाशाचे भाग पाडणारी एक साधी डबी एका तंतूवर बत्तीस घरेही सांभाळते. हे त्या बैठकीत कोणी विचारले नाही. आम्हीही नाही.

तक्रार तरी कोणत्या तोंडाने करावी? 2004 साली सरकारने 256 किलोबिटांना ब्रॉडबँड म्हटले, 2013 साली 512 किलोबिटांना, आणि 2023 च्या जानेवारीत 2 मेगाबिटांना. आमच्या कराराच्या कागदावर याहून कितीतरी मोठा आकडा होता. नव्या इमारतींत अशा तारांसाठी आधीपासूनच सामाईक सोय असावी, अशी भर केंद्राच्या नमुना बांधकाम नियमांत 2022 साली पडली. पण आमची इमारत त्याआधीची.

श्रावणातला शेवटचा सोमवार. बेळगावचा पाऊस वाचकांना सांगावयास नको. पालखी उचलली गेली, भाच्याने मोबाइल उंच धरला, आणि वीज गेली. भोयाचा एक खांदा आणि छत्रीची कड, एवढेच चित्र पडद्यावर थिजून राहिले. समोर नवी इमारत उठल्यापासून आतल्या खोलीत मोबाइलचा संदेशही धड पोचत नाही. आम्ही फोन घेऊन सज्जात गेलो, परत आलो. मातोश्रींनी तीनदा विचारले, "पालखी खंय पावली रे?" तिसऱ्या खेपेस आम्ही म्हणालो, "पावली. देवळांत गेली." त्यांनी हात जोडले. त्यांचा विश्वास बसला की नाही, आम्हांला आजही सांगता येत नाही.

1560 साली देव कुशस्थळीहून प्रियोळास आणला गेला. आमच्या पूर्वजांनी देवासाठी जुवारी ओलांडली. आणि आम्हांला चुकीच्या सहीची कबुली द्यायला दोन जिने उतरून संघाच्या खोलीपर्यंत जाववेना! गेलो, पण दिवाळीनंतर. दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी म्हणाले, "चाललंय ते बरं आहे की." घरून नोकरी करणारी पहिल्या मजल्यावरची सूनबाई तावातावाने बोलली, महत्त्वाच्या कामासाठी ती कितीदा माहेरी जाऊन बसली होती. चूक आमची, असे आम्ही सर्वांसमक्ष सांगितले. कराराचे चार महिने उरले होते. मुदत संपताच इमारत सर्व कंपन्यांना खुली करावी, असे ठरले.

मातोश्री मार्गशीर्षात गेल्या.

फाल्गुनात नव्या कंपनीचा मुलगा काचतंतूचे वेटोळे खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला. "काका, पेटी कुठं बसवू?" त्याने विचारले. आम्ही सवयीने आतल्या खोलीतील खाटेच्या उशाकडची भिंत दाखविली. तो भोक पाडू लागला तेव्हा आमच्या ध्यानात आले. पण त्याला थांबविले नाही.