बोललो ते बोललो

शब्बाथ शाळेत मुलांना दावीद आणि गल्याथ सांगतात, सिंहांच्या गुहेतला दानीएल सांगतात, माशाच्या पोटातला योना तर चित्रांसकट सांगतात. इफ्ताहाची गोष्ट कोणी सांगत नाही. मोठ्यांच्या उपासनेतही ती क्वचित निघते आणि निघाली तरी पाळकसाहेब 'नवस बोलताना जपावं' एवढं म्हणून पुढे सरकतात. शास्ते या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायापाशी जरा रेंगाळलं, तर मात्र उतावळेपणाबद्दल मंडळीत ऐकलेलं बरंच काही अपुरं वाटायला लागतं.

इफ्ताह गिलादातला. आई वेश्या, म्हणून वाटणीत हिस्सा मिळू नये यासाठी सावत्र भावांनी त्याला घराबाहेर काढलं. टोब नावाच्या मुलखात तो रिकामटेकड्यांच्या टोळीचा म्होरक्या होऊन राहिला. पुढे अम्मोनी चालून आले तेव्हा गिलादातले वडीलधारे त्याला आणायला गेले. हा माणूस मुळात तोंडाळ नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. लढाईआधी त्याने अम्मोनी राजाकडे दोनदा जासूद धाडले. कुठली जमीन कोणाकडून घेतली, तीनशे वर्षं तिथे कोण नांदतंय, याचा सगळा कच्चा हिशेब त्याने शांतपणे मांडला. बोलणी फिसकटली. मग परमेश्वराचा आत्मा त्याच्यावर आला, असं शास्त्र म्हणतं. म्हणजे जे हवं ते मिळालं होतं. तरी कोणी मागितला नसताना त्याने नवस केला: जिंकून परत आलो तर घराच्या दारातून जे कोणी सामोरं येईल त्याचं होमार्पण करीन. धास्तावलेला माणूस असंच बोलतो. देवाशीसुद्धा सौदा करतो.

सामोरी आली ती एकुलती एक लेक, डफ वाजवत, नाचत. बापाने कपडे फाडले आणि पहिला दोष दिला तो तिलाच, तूच मला खचवलंस म्हणून! मग म्हणाला की देवापुढे तोंड उघडून बसलोय, आता माघार नाही.

पण माघारीची वाट होती. मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीयच्या पाचव्या अध्यायात, अविचाराने तोंडातून गेलेल्या शपथेची तरतूदच आहे. भान आल्यावर पाप कबूल करायचं आणि कळपातली एक मादी, मेंढी किंवा शेळी, अर्पण करायची. ऐपत नसेल तर दोन पारवे. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ. सत्ताविसाव्या अध्यायात नवसाने वाहिलेल्या माणसांना सोडवण्याचा दर दिला आहे: पाच ते वीस वर्षांची मुलगी असेल तर दहा शेकेल, त्यापुढे साठीपर्यंतची स्त्री असेल तर तीस. मुलगी खरोखर मारली गेली की आजन्म कुमारिका म्हणून वाहिली गेली, यावर विद्वानांचा वाद मध्ययुगापासून चालू आहे. मला त्याने फारसा फरक पडत नाही. दोन्हीकडे आयुष्य गेलं ते तिचं, आणि शब्द राहिला तो त्याचा.

ज्यू रब्बींच्या जुन्या भाष्यांत याबद्दल एक झोंबणारी कथा आहे. नवस सोडवून देण्याचा अधिकार असलेला फिनहास याजक त्या वेळी हयात होता. इफ्ताह म्हणाला, मी इस्राएलाचा सेनापती, मी का त्याच्या दारी जाऊ? फिनहास म्हणाला, मी प्रमुख याजक, या अडाण्याकडे मी का जाऊ? दोघांच्या मानापमानात पोरगी गेली.

या कथेने माझं उतावळेपणाविषयीचं मत बदललं. आपण सगळा दोष त्या एका क्षणाला देतो. जीभ घसरली, हात उठला, संताप अनावर झाला. उपायही त्या क्षणापुरतेच सांगतो: दहा अंक मोजा, पाणी प्या, गप्प बसा. त्या क्षणाची जबाबदारी माणसावर नाही असं मी म्हणत नाही. पण बहुतेक घरं आणि बहुतेक मंडळ्या मोडतात त्या पहिल्या शब्दाने नव्हे; तो शब्द राखण्यासाठी पुढे जे केलं जातं त्याने मोडतात. आपल्याकडे तर शब्दाला जागणाऱ्याचं भारी कौतुक. 'एक घाव दोन तुकडे' हा दोष न राहता गुण होऊन बसतो आणि बोललो ते बोललो हे मर्दपणाचं लक्षण ठरतं.

यावर कोणी पंधरावं स्तोत्र काढून दाखवील. शपथ वाहून नुकसान सोसावं लागलं तरी न बदलणाऱ्याची तिथे वाखाणणी आहे. खरंच आहे. पण ते नुकसान स्वतःचं आहे. लेकीच्या जिवावर शब्दाची किंमत फेडा, असं त्या स्तोत्रात कुठेही नाही.

नगरकडच्या मंडळ्यांत वाढलेल्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. उपासनेनंतर वार्षिक सभा भरते. ताळेबंद वाचला जातो. कंपाउंडच्या भिंतीच्या खर्चावरून कोणीतरी खवचट प्रश्न विचारतो. खजिनदाराचा चेहरा लाल होतो, वही टेबलावर आपटली जाते आणि तो सगळ्यांदेखत बोलून जातो की या देवळात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. हे एका श्वासात होतं. पुढची कितीतरी वर्षं मात्र शांत डोक्याने काढलेली असतात. नाताळ येतो, पुनरुत्थानाचा रविवार येतो, नातवाचा बाप्तिस्मा दुसऱ्या गावच्या मंडळीत उरकला जातो. प्रभुभोजनाच्या रविवारी बायको एकटी जाते. कोणी समजवायला गेलं की उत्तर ठरलेलं: एकदा बोललो ना! अलीकडे हेच मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकराला होतं. मेसेज डिलीट केला तरी त्याचा स्क्रीनशॉट तोवर चार घरी पोचलेला असतो, आणि 'चुकलो' या एका शब्दाऐवजी सकाळी तीन परिच्छेदांचा खुलासा येतो.

हेरोदाचंही असंच झालं. वाढदिवसाच्या मेजवानीत, सावत्र मुलीच्या नाचावर खूश होऊन, अर्ध्या राज्यापर्यंत काय हवं ते माग म्हणाला. तिने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर मागितलं. मार्क लिहितो की राजाला फार वाईट वाटलं. त्याला योहानाचं बोलणं ऐकायला आवडायचं, तो नीतिमान आहे हे ठाऊक होतं. तरी त्याने शिपाई पाठवला, कारण शपथ घेतलेली होती आणि पंगतीला माणसं बसलेली होती. त्या पंगतीकडे मला पुन्हा यायचं आहे.

आधी दावीद. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय. मावोनचा नाबाल गडगंज माणूस, तीन हजार मेंढरं, एक हजार शेरडं. कर्मेलात लोकर कातरण्याचा सण चाललेला. रानात त्याच्या गुराख्यांना सांभाळून घेणाऱ्या दावीदाने दहा पोरं पाठवून शिधा मागितला. नाबालने विचारलं, दावीद कोण? हल्ली मालकाला सोडून पळालेले चाकर पुष्कळ झालेत! दावीदाने पुढे एक प्रश्न विचारला नाही. कमरेला तलवारी बांधा म्हणाला आणि चारशे माणसं घेऊन निघाला. वाटेत देवाची शपथही घातली की उद्या उजाडेपर्यंत त्याच्या घरचा एकही पुरुष जिवंत ठेवणार नाही.

नाबालच्या बायकोला, अबीगईलला, एका गड्याने हे कळवलं. तिने दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, रांधलेली पाच मेंढरं, पाच मापं हुरडा, मनुकांचे शंभर घड आणि अंजिरांच्या दोनशे ढेपा गाढवांवर लादल्या. नवऱ्याला न सांगता ती डोंगराच्या आडोशाने उतरली आणि दावीदापुढे पालथी पडली. दोष स्वतःवर घेतला. आणि फार शहाणपणाची गोष्ट बोलली: उद्या तुम्ही राजे व्हाल, तेव्हा विनाकारण सांडलेलं हे रक्त तुमच्या मनाला टोचू नये. दावीदाने तिला आशीर्वाद दिला, तिच्या शहाणपणाला दिला, आणि चारशे माणसांदेखत, देवाच्या नावाने घेतलेली शपथ तिथेच टाकून मागे फिरला. राजा म्हणून त्याने पुढे पुष्कळ केलं. मला तो मोठा वाटतो तो इथे.

अबीगईलची आणखी एक गोष्ट सहसा वाचण्यात निसटते. ती घरी आली तेव्हा नाबाल मेजवानीत झिंगलेला होता. सकाळ उजाडेपर्यंत ती त्याला चकार शब्द बोलली नाही. एकाच दिवसात ही बाई एका ठिकाणी धावत सुटली आणि दुसऱ्या ठिकाणी रात्रभर थांबली. म्हणून नुसतं सावकाश वागणं हा काही सद्गुण नाही. अबोला धरणारी माणसंही फार सावकाश वागतात.

माझ्या आजोबांचा हात कागदावर सैल सुटायचा. कोणी दुखावलं की आंतर्देशीय पत्र घ्यायचे, निळ्या कागदाच्या तिन्ही घड्या भरून लिहायचे, थुंकी लावून चिकटवायचे आणि आजीच्या हातात द्यायचे. 'टाकून ये.' आजी ते पिठाच्या डब्यावरच्या झाकणीखाली ठेवायची. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आजोबा पेपरातून डोकं वर न काढता विचारायचे, 'अगं, पत्र टाकलंस?' आजी म्हणायची, 'अहो, पेटी उघडून गेला होता पोस्टमन.' 'मग राहू दे.' दुपारी ते पत्र चुलीत जायचं. मला बरीच वर्षं वाटायचं की आजी त्यांना फसवते. पोस्टाची पेटी आजोबांच्या रोजच्या फेरीच्या रस्त्यावर होती आणि आजी त्या बाजूला फारशी जायचीच नाही, हे नंतर लक्षात आलं. भडकल्यावर आपण कसे असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि आपली अबीगईल त्यांनी आधीच नेमून ठेवली होती.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव इथे घ्यावंसं वाटतं. 1893 साली रेल्वेत एका प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. एवढ्या मोठ्या निर्णयाला दोन वर्षं वाचन-मनन करणारा हा माणूस घरातल्या बारीकसारीक गोष्टीवर क्षणात पेटायचा, न सांगता घराबाहेर पडायचा आणि तितक्याच झटकन विरघळायचा. हे आपल्याला कळतं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1934 पासून चार भागांत प्रसिद्ध केलेल्या 'स्मृतिचित्रे'मुळे. त्या काही झाकत नाहीत आणि सूडही उगवत नाहीत. विरघळणं हा टिळकांचा गुण होता, असं माझं मत. रागीट माणसाचं राग धरून न बसणं आपण फार स्वस्तात मोजतो.

जे करून चुकलं त्याचे माग मात्र राहतात. गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार उपसून मल्ख नावाच्या चाकराचा उजवा कान कापला. येशूने तो बरा केला, असं एकटा लूक सांगतो. मल्खाचं नाव एकटा योहान देतो, आणि आणखी एक तपशीलही तोच देतो: त्याच रात्री प्रमुख याजकाच्या अंगणात शेकोटीपाशी पेत्राला तिसऱ्यांदा हटकणारा माणूस त्या मल्खाचाच नातेवाईक होता. तुला बागेत पाहिलं ना मी? कान जागेवर आला होता, पण बघणारा विसरला नव्हता. येशूला ओळखत नाही ही पेत्राची तिसरी थाप त्या तलवारीच्या पोटी जन्मली. पुढे तळ्याकाठी प्रभूने त्याला तीनदा प्रश्न विचारला. तलवारीचा विषय काढला नाही.

आता ती पंगत. खजिनदाराला परत यायचं नसतं असं नाही. त्याला पहिल्या रविवाराची धास्ती असते. पायरी चढताना कोणीतरी हसून म्हणणार, काय, पाऊल ठेवणार नव्हतात ना? म्हणायला साधी थट्टा. पण तेवढ्या थट्टेने आणखी पाच वर्षं तो माणूस घरी बसू शकतो. दावीद मागे फिरला तेव्हा त्याच्या चारशेंपैकी कोणी कुजबुजल्याची नोंद नाही. आपण उतावळेपणावर प्रवचनं ऐकतो ती हेरोदाच्या जागी स्वतःला ठेवून. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आपण पंगतीला बसलेले असतो, आणि दुसऱ्याला शब्द गिळणं सोपं करायचं की अवघड, हे आपल्या हातात असतं. गालीलातले सरदार, अंमलदार, प्रतिष्ठित लोक, सगळे त्या मेजवानीला होते. त्यांच्यातला एकही जण 'महाराज, जाऊ द्या' म्हणाल्याचं मार्कने लिहिलेलं नाही.