आडनावाचा मूळ पुरुष

घराण्याचा इतिहास शोधू लागलात की पहिली गाठ पडते ती आडनावाशी. ते गावावरून किंवा धंद्यावरून पडलेले असेल, तर अर्थ सहज उलगडतो. माझे आडनाव पोर्तुगीज आहे आणि मी उत्तनचा कोळी आहे. वसईच्या खाडीच्या दक्षिणेला डोंगरी, पाली, चौक यांच्या शेजारी आमचे बंदर आहे. तेथे डोल जाळ्यांची मासेमारी चालते, बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळतात आणि रविवारी सारा गाव चर्चमध्ये जमतो.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक कथा सांगितली जाते. पोर्तुगालहून एक खलाशी गलबतातून आला, वसईच्या किल्ल्यात चाकरीला राहिला आणि उत्तनच्या कोळणीशी लग्न करून इथलाच झाला. थोरल्या काकांना ही कथा फार प्रिय. वंशवृक्ष छापायचे ठरले, तेव्हा सर्वांत वरची जागा त्यांनी त्या खलाशासाठी राखून ठेवली. त्याच सुमारास माझ्या पुतण्याने कॉलेजातून येऊन विचारले, ‘‘काका, वर्गातली मुलं म्हणतात, तुम्ही बाहेरून आलेले. खरं काय ते?’’ ज्या कथेने काकांना मान दिला होता, तिनेच मुलाला त्याच्या गावात परके केले होते. ती तपासणे आता भाग होते.

प्रथम काळाचा विचार करू. 1534 साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. तेव्हापासून 1739 पर्यंत या किनाऱ्यावर त्यांचा अंमल होता. या काळात अधिकारी, सैनिक, पाद्री आणि जमीनदार आले. काहींनी इथे संसारही थाटले. नागासाकी येथे 1597 मध्ये हौतात्म्य पत्करलेले वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे वडील पोर्तुगीज व आई इथली, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे काकांची कथा अशक्य नव्हती. परंतु एखादी गोष्ट घडू शकली असती, एवढ्यावरून ती घडली असे ठरत नाही.

मग आडनाव आले कोठून? बाप्तिस्मा घेणाऱ्याला नवे नाव मिळे आणि पुष्कळदा धर्मपित्याचे किंवा पाद्रीचे आडनावही त्यासोबत येई. त्यामुळे नात्यात नसलेली घरे एकाच आडनावाची झाली. अशा आडनावावरून कुळात एकदा बाप्तिस्मा झाला एवढे कळते. रक्ताचे नाते त्यावरून कळत नाही. आपण मराठीत ‘पाव’, ‘चावी’, ‘बटाटा’, ‘पगार’ हे शब्द रोज वापरतो. ते पोर्तुगीजांकडून आले, म्हणून बोलणाऱ्याला कोणी पोर्तुगीज म्हणत नाही. आडनावालाही हाच न्याय लावायला हवा.

पुढचा आधार नोंदवह्यांचा. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये बाप्तिस्मे व विवाह लिहून ठेवण्याचे बंधन पाद्रींवर घातले. या प्रथेमुळेच माझ्यासारख्याला आजही खापरपणजोबांची नोंद वाचता येते. तीत बाळाचे, आईवडिलांचे, धर्मपित्याचे आणि धर्ममातेचे नाव आहे. मी वाचलेल्या नोंदींतील सर्व माणसे याच किनाऱ्यावरची. सुना उत्तनच्या, पालीच्या, गोराईच्या. घरातील रीतही तेच सांगते. आमच्या लग्नात आजही बायका वाजतगाजत उंबराचे पाणी आणायला जातात. ही चाल गलबतातून आलेली नाही.

1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज सत्ताधाऱ्यांना हा प्रदेश सोडावा लागला. ज्यांची जाळी, होड्या आणि खाडी इथे होती, ते राहिले. 1774 मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली. पुढे मुंबईत नोकरीसाठी येणाऱ्या इतर ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी, म्हणून 1887 मध्ये इथल्या ख्रिस्ती लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. राज्ये तीन झाली, नावे बदलली. बंदर तेच राहिले.

हे सारे मी काकांपुढे मांडले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘बरं, वर काय लिहायचं?’’ पुतण्याने लिहिले : ‘उत्तनचा एक कोळी. बाप्तिस्म्यानंतर हे आडनाव मिळाले असावे.’ ‘असावे’ हा शब्द त्याने आपणहून घातला. खलाशाची कथा मात्र शेवटच्या पानावर ‘घरात सांगितली जाणारी गोष्ट’ म्हणून छापावी, असा काकांचा आग्रह होता. मला तो मान्य झाला. खलाशाविषयी त्या कथेतून काही सिद्ध होत नाही. पण राज्यकर्त्यांशी नाते सांगितल्यावाचून आपल्याला मोल नाही, असे कधीकाळी माझ्या पूर्वजांना वाटले असावे, हे तीतून कळते. घराण्याच्या इतिहासात तेही यायला हवे.

तुम्ही स्वतःच्या कुळाचा शोध घ्याल, तेव्हा वहीत तीन रकाने आखा : लिखित नोंद, चालू रीत आणि ऐकीव कथा. एका रकान्यातील मजकूर दुसऱ्यात जाऊ देऊ नका, आणि तिन्हींपैकी एकही रकाना खोडू नका. आरंभ घरातील सर्वांत वयस्कर स्त्रीपासून करा. कोणती सून कोणत्या गावची, हे बहुधा तिलाच ठाऊक असते.