दोन्ही कान नॉर्मल

"दोन्ही कान नॉर्मल आहेत. टेन्शन घेऊ नका, झोप नीट घ्या." एवढंच सांगून मला मुंबईहून परत पाठवलं, आणि घरी सगळ्यांनी तेच धरलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी खालापूर तालुक्यात शिक्षिका. लावणीच्या दिवसांत एका पहाटे कूस बदलली आणि छप्पर गरगरलं. मग उलट्या, भिंत धरून चालणं, चक्करच्या गोळ्या, शेवटी खोपोली लोकलने मुंबई.

तिथे डोळ्यांवर कॅमेऱ्याचा काळा चष्मा चढवून कानात पाणी सोडलं. आधी ३० अंशांचं, मग ४४ अंशांचं. अंगाच्या उष्णतेपेक्षा ७ अंश खाली, ७ वर. त्याने आतल्या कानातला द्रव हलतो, डोळ्यांना आपोआप झटके बसतात आणि दोन्ही कानांचे झटके मोजून ताडून पाहतात. आतल्या कानाच्या याच अभ्यासासाठी रॉबर्ट बारानींना १९१४चं नोबेल मिळालं. चाचणी खोटी नाही. पण कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांपैकी ती मुख्यतः आडवीच तपासते, हे मला कोणी सांगितलं? चक्करच्या काही गोळ्यांनी झटके दबतात, म्हणून डॉक्टरांना विचारून त्या आधी थांबवायच्या असतात. सकाळीच गोळी घेतली होती; कोणी विचारलंच नाही. पेशंटचं मन जागं राहावं म्हणून त्याला बोलतं ठेवायचं असतं. सांगितलं असतं तर रायगडचे पंधराही तालुके म्हणून दाखवले असते. मी अंधारात गप्प पडून, आणि चाचणी घेणारा दाराशी कुणाशी तरी बोलत उभा.

कर्जतच्या डॉक्टरांकडे यंत्रच नव्हतं. त्यांनी मला पलंगावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झटकन आडवं केलं, डोकं कडेबाहेर लोंबतं. क्षणभर काही नाही, मग खोली फिरली. "डोळे मिटू नका, बाई. मला दिसतंय." कॅल्शियमचे बारीक कण जागचे सुटून मागच्या नलिकेत शिरले होते. डोकं ठरावीक क्रमाने फिरवून त्यांनी ते बाहेर काढले.

त्यानंतर मी भेटेल त्याला सांगायचे, यंत्रावर पैसे घालू नका. पुढे धाकट्या जावेला सर्दी-तापानंतर दिवसरात्र चक्कर आली. पलंगावरच्या तपासणीत काहीच नाही; पाण्याच्या चाचणीत डावा कान स्वच्छ मंद निघाला. तेव्हापासून तसं म्हणत नाही. मात्र कोणती नलिका तपासली, कोणत्या गोळ्या चालू होत्या, हे रिपोर्टवर लिहून मागा. झोपवून पाहिलं का, तेही विचारा. एकदा दिसलं नाही तर पुन्हा पाहावं लागतं.

माझी त्या दिवसांची रजा बिनपगारी झाली. कर्जतच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडून अर्ज दिला, तर कार्यालयातून उत्तर आलं, मोठ्या रुग्णालयाचा रिपोर्टच ग्राह्य धरला जाईल.