चढली, उतरली

कॉन्व्हेंटमध्ये ‘ड्रंक’ हा एकच शब्द शिकलो. हॉस्टेलवर टाइट, हाय, आउट असे ढीगभर मिळाले! बेंजामिन फ्रँकलिनने १७३७ मध्येच अशा २०० हून जास्त इंग्रजी शब्दांची यादी छापली होती. हॉस्टेलवरचा ‘हाय’ तर पेपर सोपा गेला तरी चालतो नि बाटली उघडली तरी. मराठीत मात्र ‘चढली’ की मागोमाग ‘उतरली’ आलीच. आम्हा कर्जतकरांना घाट माहीत आहे, चढायला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, उतरताना ब्रेक सांभाळावा लागतो.

खालापूरहून येणाऱ्या आमच्या मेसच्या मावशी सकाळी एवढंच म्हणतात, “मालक काल पण पिऊन आले.”

मित्रांनो, पेपर सोपा गेला तर खुशाल हाय व्हा. बाटलीसाठी मात्र मावशींचा शब्द वापरून बघा, घशाखाली उतरतो का!