कडेचा ठिपका

नेटवर्कचं चित्र पडद्यावर उलगडताना बघणं हा आमच्या कामातला सगळ्यात मोहाचा भाग. गेफी या सॉफ्टवेअरमध्ये लेआउट, म्हणजे ठिपक्यांची मांडणी, सुरू केला की ठिपके एकमेकांना ढकलतात, रेघा त्यांना ओढून धरतात आणि गुंत्यातून गट वेगळे होतात. सगळं इतकं आपसूक घडतं की यात आपला काही हातच नाही असं वाटू लागतं. खरी मेख तिथेच आहे.

शिकवताना मी फ्लॉरेन्सच्या १६ घराण्यांचं उदाहरण घेते. जॉन पॅजेट यांनी अभ्यासलेली ही पंधराव्या शतकातली घराणी. प्रत्येक घराणं एक ठिपका, दोघांत सोयरीक असेल तर रेघ. मेदिचींना ६ रेघा, धनाढ्य स्ट्रोझींना ४. बऱ्याच घराण्यांना एकमेकांपर्यंत पोचायचं तर वाट मेदिचींवरूनच जाते. १४३४ मध्ये हद्दपारीतून परतलेला कोझिमो मेदिची शहराचा सूत्रधार कसा झाला, याचा एक धागा इथे मिळतो. पण हे रेघा मोजून कळतं. लेआउट पुन्हा चालवला की डावीकडचे स्ट्रोझी उजवीकडे जातात. त्या डाव्या-उजव्याला काहीच अर्थ नसतो.

एक घराणं मात्र कुणाशीच जोडलेलं नाही. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हा ठिपका काढून टाकू? चित्र सुटसुटीत होईल." आणि मॅकियाव्हेली तर लिहून गेलाय की मेदिचींचा पक्ष लोकांच्या तोंडी कोझिमोच्या नव्हे, या एकट्या पडलेल्या घराण्यातल्या त्याच्या सल्लागाराच्या नावाने होता! एवढा वजनदार माणूस, आणि चित्रात त्याचं घराणं वाळीत टाकल्यासारखं. माहिती चुकीची नाही. उरलेल्या १५ जणांशी त्यांची सोयरीक नव्हती, एवढंच ती सांगते. मसलतीची, निष्ठेची रेघ कुणी काढलेलीच नव्हती.

म्हणून चित्राखाली मी तीन गोष्टी लिहायला लावते: रेघ कशाला म्हटलं, यादीत कुणाला घेतलं, लेआउट कोणता. शिवाय एक तक्ताही करायला सांगते. ओळींत आणि रकान्यांत तीच नावं, संबंध असेल तो चौकोन रंगवायचा. तक्ता देखणा नसतो. पण न काढलेली रेघ चित्रात दिसत नाही, तक्त्यात मात्र तिचा रिकामा चौकोन समोर असतो. तो रिकामा का, हे विचारावंच लागतं.

चित्रं काढणं मी सोडलेलं नाही. कुठे खणायचं ते चित्राइतकं चटकन दुसरं काही दाखवत नाही. फक्त निष्कर्षाच्या पानावर ते एकटं जाऊ देत नाही.