वऱ्हाडची बाजारपेठ : काटा आणि पत

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण अमरावती-अकोल्याच्या घराघरांत ठाऊक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास काळ्या मातीत कापसाची बोंडे फुटू लागली, की या प्रांताला सोन्याची उपमा का मिळाली हे कळते. या पांढऱ्या सोन्याने येथे पिढ्यान्‌पिढ्या व्यापारी घडवले आणि काहींना बुडवलेही. व्यवसायात माणसाला तारून नेणारे गुण कोणते, हे जाणून घ्यायचे असेल, तर अमरावतीहून अकोल्यापर्यंतचा सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास डोळे उघडे ठेवून करावा.

आरंभ अमरावतीच्या परकोटापासून करावा. जवाहर दरवाजाचा हा दगडी कोट निजामाच्या अमलात, एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी, पेंढाऱ्यांच्या धाडींपासून शहराचे व येथील सधन व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून बांधण्यात आला. त्या काळी येथील कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. माल कित्येक आठवडे वाटेत असे आणि त्याचे पैसे त्याहूनही उशिरा हाती येत. एवढ्या लांबच्या व्यवहारात हुंडीवरील सही हाच आधार होता. ती सही एकदा नाकारली गेली, तर पुढच्या हंगामात त्या पेढीला कोणी विचारीत नसे.

शब्द पाळण्याच्या जोडीला मालाची पारख लागे. कापसाचा लहानसा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढायचा आणि तंतूची लांबी व बळकटी पाहायची. मूठभर कापूस दाबून त्यातील ओल ओळखायची. ही विद्या गादीवर लोडाला टेकून मिळत नाही. शेठजींच्या मुलालाही ती मापाऱ्याजवळ उभे राहूनच शिकावी लागे.

अमरावतीहून बडनेऱ्याला आले की मुंबई-नागपूर लोहमार्ग लागतो. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. या दोन सालांच्या मध्ये एक मोठा धडा दडलेला आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाचे भाव आकाशाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला आणि तो शेअरांच्या सट्ट्यात ओतला गेला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि नामांकित पेढ्या बुडाल्या. ‘कापसाचे राजे’ म्हणून ख्याती पावलेले जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनाही या वादळाने जमीनदोस्त केले. परंतु ते पुन्हा उभे राहिले, त्यांची पेढी पुढे चालली आणि मातोश्रींच्या नावाने त्यांनी दिलेल्या देणगीतून उभारलेला राजाबाई टॉवर आजही मुंबईत उभा आहे. चढत्या बाजारात आपल्या व्यवहाराला स्वतःच मर्यादा घालणे आणि पडत्या काळात तोंड न लपवणे, हे दोन्ही गुण या एका चरित्रात शिकायला मिळतात. पहिला त्याच्या अभावाने, दुसरा त्याच्या प्रत्ययाने. श्रावकाच्या व्रतांतील परिग्रहपरिमाणाचा व्यावहारिक अर्थ येथे ध्यानी येतो.

पुढे मूर्तिजापूर. येथूनच अचलपूर आणि यवतमाळ अशा दोन दिशांना ‘शकुंतला’ ही छोटी गाडी धावत असे. कापसाच्या वाहतुकीसाठी टाकलेला तो अरुंद मार्ग आता शांत आहे. त्याच मार्गावरील कारंजा (लाड) हे गाव, पूर्वी अकोला जिल्ह्यात असलेले व आज वाशीम जिल्ह्यात मोडणारे, वाट वाकडी करून पाहण्याजोगे आहे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ यांची तीन प्राचीन मंदिरे आणि तेथील हस्तलिखितांचे भांडार यांमुळे जैन वाचकांना ते परिचित असते. मात्र आणखी एका कारणाने या गावाचे नाव देशाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने येथे स्थापन झालेला कापूस बाजार हा देशातील पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. पाठोपाठ १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. अडते व मापारी यांना परवाने आले आणि मनमानी कपातीला बंधन पडले. पुढे १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने अशा नियंत्रित बाजारांची शिफारस साऱ्या देशासाठी केली.

असा कायदा का करावा लागला, हा प्रश्न व्यापारी समाजाने स्वतःला विचारलाच पाहिजे. रुमालाखाली बोटे दाबून ठरणारा भाव, वजनातील खोट आणि नाना नावांनी कापला जाणारा कडता यांनी जुन्या बाजारात शेतकरी नागवला जात होता. खोटी मापे वापरणे आणि चांगल्या मालात हलका माल मिसळणे यांची गणना तर तत्त्वार्थसूत्राने फार पूर्वीच अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत करून ठेवली आहे. जे व्रतात होते ते काट्यावर उतरले असते, तर परवान्याची वेळ आली नसती. ज्या अडत्याचा काटा कायद्यापूर्वीही खरा होता, त्याला परवान्याचे भय बाळगण्याचे कारणच नव्हते.

मोर्णाकाठच्या अकोल्यात प्रवास संपतो. या शहराने व्यापाऱ्यांच्या आणखी एका गुणाची परीक्षा पाहिली. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि खाजगी व्यापाऱ्याला शेतकऱ्याकडून कापूस घेण्याची बंदी झाली. ज्यांचे सारे आयुष्य रुई, सरकी आणि गठाणी यांत गेले, त्यांच्यापुढे पेढी मिटण्याचा किंवा नवी वाट धरण्याचा प्रश्न उभा राहिला. आज अकोला तुरीच्या डाळमिलांसाठी ओळखले जाते, सोयाबीनचीही मोठी उलाढाल येथे होते. वस्तू बदलली तरी तिच्या व्यापाराला ओल, दाणा आणि प्रत ओळखणारी नजर लागतेच. आणि उधारीवर माल देणारे लोक जुन्याच ओळखीने येतात.

बँकेच्या कर्जव्यवहारात अर्जदाराचे चारित्र्य, क्षमता आणि भांडवल पाहावे, असे पूर्वीपासून शिकवले जाते. त्यात चारित्र्य पहिले. तारणाच्या कागदांवरून भांडवल कळते, अनुभवावरून क्षमता कळते. चारित्र्यासाठी मात्र बाजारात चार ठिकाणी चौकशी करावी लागते, आणि तेथे जे उत्तर मिळते त्यालाच पत म्हणतात. आज अनेक घरांतील मुले पुण्या-बंगळुरूला नोकरीस जातात आणि गाद्या एकेक करून मिटत आहेत. जो तरुण ती गादी पुन्हा उघडू इच्छितो, त्याला दुकान, गोदाम आणि वहीखाते वारशाने मिळेल. आजोबांच्या नावावर पहिल्या हंगामात उधारीही मिळेल. दुसऱ्या हंगामात मात्र ती त्याच्या स्वतःच्या काट्यावर मिळेल, आणि बाजार समितीच्या आवारात त्या काट्याकडे टक लावून पाहणारा शेतकरी आजही उभा आहे.