नंतरची सतरा वर्षं

बाईसाहेब, तुमच्या लग्नाबद्दल लिहिणाऱ्यांनी हात आखडता घेतला नाही. मार्च 1928. नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींनी तुम्हाला हिंदू धर्मात घेतलं, नॅन्सी ॲन मिलरची शर्मिष्ठा झाली, आणि त्याच आठवड्यात, 17 मार्चला, नर्मदाकाठच्या बडवाहला इंदूरचे माजी महाराज तुकोजीराव होळकर यांच्याशी तुमचं लग्न लागलं. तुम्ही सिॲटलच्या, वय वीस. नवरदेव सदतीस वर्षांचे, आधीच्या दोन लग्नांचे, आणि गादीवरून उतरून दोनच वर्षं झालेले. मुंबईत मलबार हिलवर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला, इंदूर दरबारातून पळालेल्या मुमताज बेगमचं प्रकरण उघड झालं आणि चौकशी आयोगाला सामोरं जाण्यापेक्षा तुकोजीरावांनी फेब्रुवारी 1926मध्ये गादी सोडली. असल्या माणसाच्या गळ्यात वीस वर्षांची अमेरिकन मुलगी माळ घालते म्हटल्यावर वर्तमानपत्रांना आणखी काय हवं? डोक्यावर पदर, कपाळी कुंकू, अंगभर दागिने, असे तुमचे फोटो साता समुद्रापार छापून आले.

इकडे सनातनी खवळले. गोऱ्या बाईला धर्मात घेता येतं का, घेतली तर तिची जात कोणती, यावर रकानेच्या रकाने खर्ची पडले. त्यावरही तोड निघाली. धनगर समाजातल्या एका घराने तुम्हाला लेक म्हणून पदरात घेतलं आणि धनगराची मुलगी होळकरांच्या घरात आली. मला या सगळ्या वादाची गंमत वाटते ती दुसऱ्याच कारणाने. होळकरांचं कुलदैवत मल्हारी मार्तंड. त्याने स्वतः काय केलं? घरात वाण्याची म्हाळसा असताना धनगराची बाणाई आणली. ज्यांच्या देवघरात हा देव बसलाय, त्यांना परकी सून आणू नका म्हणून शास्त्र सांगायचं म्हणजे कमाल झाली. शिवाय तुमचे सावत्र चिरंजीव यशवंतराव. त्यांचं लग्न 1924मध्येच कागलच्या घाटग्यांच्या संयोगिताराजेंशी झालेलं, म्हणजे मराठ्यांची लेक धनगरांच्या घरी. त्यामागे शाहू महाराजांची इच्छा होती. त्या घराला जातीची कुंपणं ओलांडायची सवय तुमच्या आधीपासूनची. हे चिरंजीव तुमच्याहून जेमतेम वर्षभराने लहान, हे तर राहिलंच.

पुढची पन्नास वर्षं भराभर सांगून टाकता येतात. पॅरिसजवळ सेंट जर्मेनला वाडा, इंदूरला लालबाग, चार मुली. 1948मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं. 1961मध्ये यशवंतराव गेले. 1971मध्ये तनखे बंद झाले. आणि 21 मे 1978ला पॅरिसमध्ये तुकोजीराव गेले. लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. तुम्ही सत्तर वर्षांच्या.

माझ्या मनात तुमची गोष्ट इथे सुरू होते.

नवरा असेपर्यंत परदेशी सून ही त्याची हौस असते, असं आपल्याकडे मानतात. तोंडावर कोणी म्हणत नाही एवढंच. तो गेला की बाई आपल्या देशाला जाईल, हेही सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. तुमचा शेवट इंदुरातच झाला, 1995 साली. मध्ये सतरा वर्षं गेली. नाशिकच्या शुद्धीला साक्षीदार होते, बडवाहच्या अक्षतांना साक्षीदार होते. पण सप्तपदीत ज्याच्या मागून चालायचं तो पुढून नाहीसा झाल्यावरही ज्या गावात पावलं टिकली, ते गाव खऱ्या अर्थाने तुमचं झालं, आणि ते बघायला फोटोवाला आलेला नव्हता.

त्या वर्षांत इंदूर किती बदलत होतं! तुम्ही विधवा झालात त्याच 1978मध्ये नर्मदेचं पाणी इंदुरात आलं. जलूदहून उपसून, विंध्याचा चढ चढवून आणलेलं. ज्या नदीच्या काठी तुमच्यावर अक्षता पडल्या ती नदी पन्नास वर्षांनी शहराच्या नळाला आली. माळव्याच्या काळ्या जमिनीत ज्वारी मागे पडून सोयाबीन पसरलं. 1984मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दंगल उसळली आणि राजवाडा पेटला. चौकातला दर्शनी भाग तेवढा उभा राहिला, मागचा जळून गेला. तुमचा लालबागही सरकारजमा होऊन तिकीट काढून बघायची जागा झाली. खान नदीचं गटार झालं, ते आजही पुरतं निवळलेलं नाही. सराफ्यात मात्र रात्री सोन्याची दुकानं मिटल्यावर खाणाऱ्यांची तशीच गर्दी. इंदूरचा माणूस कशाचंही दुःख पोटभर खाऊन मगच करतो.

आणि 1988मध्ये इंदूर विद्यापीठाला अहिल्याबाईंचं नाव दिलं गेलं. विद्यापीठ, विमानतळ, चौकातला पुतळा, सगळं एका विधवेच्या नावाचं. कुंभेरीच्या वेढ्यात 1754 साली पती खंडेराव पडले, मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिलं नाही, आणि 1767 ते 1795 तिने जे राज्य केलं त्याच्या जोरावर हे गाव अजून मान वर करून चालतं. होळकरांच्या घरात वैधव्याला कोपऱ्यातली खोली नव्हती, महेश्वरची गादी होती. त्या अहिल्याबाई गेल्याला बरोबर दोनशे वर्षं झाली त्या वर्षी तुम्ही गेलात. त्यांच्या पुण्यतिथीला इंदुरात पालखी निघते, मराठी माणूस आवर्जून जातो. तुमच्या तिथीला कोणी निघत नाही.

तुम्ही गेल्यावर सोळा वर्षांनी इंदूरने हीच गोष्ट उलट बाजूने पाहिली. जिमी मॅकगिलिगन उत्तर आयर्लंडचे. बहाई धर्माच्या सेवेच्या ओढीने इंदूरला आले आणि 1988मध्ये जनक पलटा यांच्याशी लग्न करून इथलेच झाले. जनकताई पंजाबच्या, त्यांनी 1985मध्ये इंदुरात बरली ही आदिवासी मुलींसाठीची संस्था उभी केली होती. झाबुआच्या 302 गावांतून नारूचा रोग हटवण्याचं काम त्या संस्थेचं. त्यासाठी 1992मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सन्मान मिळाला. ज्याच्या पायातून कधी नारूचा दोरा काडीवर गुंडाळून, रोज थोडा थोडा, ओढून काढला असेल त्यालाच या कामाची किंमत कळेल. एप्रिल 2011मध्ये मोटार अपघातात जिमी गेले. त्याच अपघातात जनकताई जखमी झाल्या. संस्थेतून निवृत्त होऊन दोघं शहराबाहेर सनावदियाला राहायला गेले होते, म्हाताऱ्या वयाची सुरुवात करायला.

त्या तिथेच राहिल्या. जिमींच्या नावाने केंद्र काढलं. सूर्यचुलीवर रांधायला तिथे शिकवतात. आरशाच्या तुकड्यांची मोठी परात सूर्याकडे तोंड करून उभी. मध्यावर काळं पडलेलं पातेलं. ऊन सरकलं की परातही सरकवायची, नाहीतर डाळ अर्धीकच्ची राहते. आरशाकडे बघायचं नाही, डोळे दिपतात. पातेल्यातली खदखद ऐकूनच अंदाज घ्यायचा. धूर नाही, काजळी नाही, सरपणाची मोळी नाही. वाऱ्याच्या आणि उन्हाच्या विजेवर तिथल्या आदिवासी वस्तीत दिवे लागले. 2015मध्ये जनकताईंना पद्मश्री मिळाली. एका आयरिश माणसाचं नाव आज सनावदियातल्या लोकांच्या तोंडी रुळलंय ते त्याच्या मागे राहिलेल्या बाईमुळे.

जनकताईंचं काम अंगणात, उन्हात, चारचौघांत. त्यामुळे त्याची नोंद झाली. तुमचं वैधव्य घरातलं, बाईसाहेब, आणि घरातल्या वैधव्याची नोंद आपल्याकडे अहिल्याबाई असल्याशिवाय होत नाही. मला याचा राग येतो. तुमच्या लग्नाच्या आठवड्यावर लिहिताना ज्यांचे टाक झिजले, त्यांना एका अमेरिकन बाईचं इंदुरातलं म्हातारपण लिहिण्याजोगं वाटलं नाही. सकाळी कोण भेटायला येई, सण कसे व्हायचे, नातवंडांशी कुठल्या भाषेत बोलणं होई, हे धर्म-जातीच्या वादापेक्षा मोलाचं होतं.

1995 काही फार मागे पडलेलं नाही. होळकरांच्या कारभारात, वाड्यात, दवाखान्यात, बागेत ज्यांच्या घरचं कोणी होतं, ती मंडळी आज साठी-सत्तरीत आहेत आणि इंदूर, देवास, पुणे इथेच कुठेतरी आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या आईने, मावशीने शर्मिष्ठाबाईंना जवळून पाहिलं असेल, तर या आठवड्यात तिच्याजवळ बसा, विचारा, आणि सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.